इसरमावशी हसली

“आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकालाही खरं वाटणार नाही,” असं म्हणून खुशालराव गावंड्यांनी खुर्ची उलटी फिरवली, घोड्यावर बसावं तसे तिच्यावर टांग टाकून बसले आणि खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवली. सत्तरी उलटलेला माणूस असा बसलेला पाहून अकोल्याच्या त्या शाळेतली, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली पोरं फिसकन हसली.

“मले वाटंल!” मागून एक मुलगी ओरडली.

“तुझं नाव काय बाई?”

“खुशी.”

“खुशी, इसरमावशीनं साखर समजून चहात अंगारा टाकला आणि पाहुणे चहा पिऊन थेट भजनालाच बसले. ते तुले खरं वाटलं होतं?”

“हो!”

“मंग तू चालशील. पुढं येऊन बस. आजच्या गोष्टीले तुझ्यासारखंच माणूस पाहिजे.”

सगळ्या वर्गांना इसरमावशी पाठ होती. सगळं इसरणारी, डोक्यावरचा चष्मा गावभर शोधणारी, दुसऱ्याच्या मांडवात आहेर करून वर पंगतीत दोनदा जेवून येणारी. तिच्यावर खुशालरावांची सात पुस्तकं झाली होती आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य तेच होतं. पोरं त्या वाक्याची वाट बघत गोष्ट ऐकायची. मघाशी ओळख करून देताना महेजबीन मॅडमनी विचारलं होतं, “ही इसरमावशी असते तरी कुठे?” आणि स्वतःच उत्तर दिलं होतं, “सरांच्या डोक्यात!” त्यावर टाळ्या पडल्या तेव्हा खुशालराव वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती.

पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांची बायको, गोदाबाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पर्सची कडी त्या उघडत होत्या, लावत होत्या. टिक्. टिक्. शेजारी मुलगी आरती. तिनं बापाकडे बघून चार बोटं दाखवली. चारला डॉक्टर. ही वेळ तिनं आधीही घेतली होती. एकदा पुस्तकाचं मुद्रितशोधन आडवं आलं, एकदा पोळा आला, आणि एकदा काहीच आलं नाही, तेव्हा खुशालराव फोनवर म्हणाले होते, “अगं, तुझी आई पहिल्यापासून अशीच आहे.” आज आरतीनं शाळेतला कार्यक्रम आपल्याच ओळखीनं ठरवला होता, म्हणजे दोघांना अमरावतीहून निघावंच लागेल. खुशालरावांनी मान डोलावली आणि चार बोटांकडे पाहणं बंद केलं.

“तर झालं असं, की इसरमावशी माहेरी निघाली. माहेर वलगावले. आता वलगाव म्हणजे काय, अमरावतीहून बसलं की कंडक्टर तिकीट देऊन वळत नाही तोच येतं. पण मावशी चढली अकोल्याच्या बसमध्ये. कावून?”

“कावून?”

“तिच्या माहेरची बस लाल असते म्हणून!”

“सगळ्याच लाल असतेत न आजोबा!”

“हे तुले कळलं. मावशीले कोण सांगंल?”

हशा उसळला. गोदाबाईही हसल्या. पोरं हसली की त्या हसत, जरा मागाहून, दुसऱ्यांनी उचललेलं गाणं धरावं तशा.

खुशालराव पाणी प्यायले. पहिल्या पुस्तकातलं हसणं खरं होतं. भलत्याच मांडवात आहेर करून आल्यावर गोदाबाई ओसरीवर मट्कन बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “लिवा आता हे, लिवा!” पहिली तीन पुस्तकं खुशालरावांनी आधी तिलाच वाचून दाखवली. पुढची नाही दाखवली. तेव्हा ती वरण गॅसवर ठेवून अंगणात उभी राहू लागली होती, आणि कशासाठी उभी आहे हे विचारलं की तिचा चेहरा भर वर्गात मास्तरानं उभं केलेल्या पोरीसारखा व्हायचा. पुस्तकात मात्र वरण करपलं की मावशी त्याची शाई करायची आणि गावातली पोरं त्या शाईनं परीक्षा लिहायची.

“मावशी अकोल्यात उतरली. समोर ऑटो. ऑटोवाला दाऊदभाई. तो म्हणे, ‘कहाँ जाना है अम्मा?’ मावशी म्हणे, ‘घरी.’ तो म्हणे, ‘घर किधर है?’ मावशी म्हणे, ‘चिंचेखाली!’”

पर्सची टिक्-टिक् थांबली.

खुशालरावांना ती थांबलेली कळली. पण गाडी उताराला लागली होती आणि पोरांचे डोळे त्यांच्यावर होते. गोष्टीत त्यांनी सगळ्यांची नावं बदलली होती, फक्त दाऊदचं तसंच ठेवलं होतं. खोट्याला एक खरा खिळा लागतो, नाहीतर ते भिंतीवर टिकत नाही, असं ते नव्या लेखकांना सांगत.

“मग काय! दाऊदभाईनं अकोल्यातलं एकेक चिंचेचं झाड दाखवायला घेतलं. मावशी उतरायची, कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि म्हणायची, ‘हे नाही! याच्यात माझी वेणी नव्हती अडकली!’ की चालले पुढच्या झाडाले. ऑटोतलं पेट्रोल संपलं. तर दाऊदभाईनं टाकीत चिंचेचं सरबत ओतलं. ऑटो असा पळाला, असा पळाला, की त्याचे दात आंबले!”

“ऑटोले दात कुठं असतेत!” खुशी म्हणाली.

“आंबून पडले, म्हणून तर तुले दिसत नाही.”

पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. महेजबीन मॅडम ओढणीनं डोळे पुसत होत्या. आरतीही हसली. तिला लहानपणापासून हा माणूस असाच आवडायचा.

खरं झाड एकच होतं. गेल्या हिवाळ्यात, दुपारी, अकोल्याहून दाऊदचा फोन आला होता. घर कुठं ते गोदाबाईंना सांगता येत नव्हतं, नवऱ्याचा नंबर मात्र त्यांनी घडाघडा सांगितला होता. “चाचा, अम्मा बहुत घबराई है. अकोले में कोई है क्या आपका?” खुशालराव म्हणाले होते, “नाही. कोणी नाही. बसवून ठेवा, मीच येतो.” त्या चिंचेपासून आरतीचं घर ऑटोनं दहा मिनिटांवर होतं. आरती आली असती तर आईला घरी नेलं नसतं, सरळ दवाखान्यात नेलं असतं. पोरीला कशाला त्रास, असं खुशालराव बसमध्ये स्वतःला सांगत आले. इतकं चांगलं सांगितलं की बडनेरा मागे पडेपर्यंत त्यांना ते पटलंही. ते पोचले तेव्हा ऊन गेलं होतं. दाऊद ऑटो उभा करून तिथेच बसला होता. गोदाबाईंच्या हातात त्यानं दिलेलं केळं तसंच होतं, न सोललेलं. त्या म्हणाल्या, “मले घरी जायचं हाय.” आणि मग, त्यांच्याकडे नीट बघून, “तुमी आले का?”

परतीच्या बसमध्ये गोदाबाईंनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मूर्तिजापूरच्या अलीकडे खुशालरावांना ते वेणीचं वाक्य सुचलं. अमरावतीपर्यंत विसरून जाऊ, या भीतीनं त्यांनी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. गोदाबाई झोपल्या होत्या. झोपल्याच होत्या.

“आजोबा,” खुशीनं गुडघ्यांवर उभं राहून विचारलं, “पण मावशीचं अकोल्यात कोणीच नव्हतं का?”

सभागृहातला पंखा घरघरत होता. खुशालराव त्याच्याकडे पाहत म्हणाले, “नव्हतं.”

“पोरगी, भाऊ, कोणीच?”

“अगं, नव्हतं म्हणलं न.” आवाज जरा वर गेला. त्यांनी तो लगेच खाली आणला, खुर्चीच्या पाठीवर तबल्यासारखी बोटं वाजवली. “तिचा नवरा आला न! अमरावतीहून म्हशीवर बसून. म्हैस पुढं आणि एसटी मागं! ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला, म्हैस वळून पाहे आणि म्हणे, ‘दम धर भाऊ, माणसाची बायको हरवली हाय!’”

टाळ्या, शिट्ट्या. पण खुशी हसली नव्हती. ती वाट पाहत होती.

“मंग? तो आल्यावर मावशीनं काय केलं?”

खुशालरावांनी पुढच्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. गोदाबाई ताठ बसल्या होत्या. पदर सावरलेला, दोन्ही पाय जुळवलेले. इतकं एकटक त्यांच्याकडे तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आरती मोबाइलमध्ये वेळ बघत होती.

इथं थांबता आलं असतं. पोरांनो, पुढची गोष्ट मलाच ठाऊक नाही, असं म्हणून पाणी पिता आलं असतं. पण पोरांनी छातीत हवा भरून घेतली होती. पहिल्या रांगेतला एक पोरगा तर गाल फुगवून लाल झाला होता. सात पुस्तकांची सवय खुशालरावांच्या हातात होती आणि हात आपोआप वर गेला, बॅन्डवाल्याचा जावा तसा.

“आणि इसरमावशी...”

“खद! खदा! हसली!”

खिडकीवरची कबुतरं उडाली. महेजबीन मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. खुशालरावांनी छातीवर हात ठेवून मान लववली, आणि ती वर करायला त्यांना वेळ लागला. टाळ्या विरत गेल्या, दोन-चार मागच्या हातांवर येऊन थांबल्या.

तेवढ्यात गोदाबाई बोलल्या. रागानं नाही. भाजीवाल्याचा काटा चुकला की त्या जशा सांगत, तशा.

“नाही जी,” त्या म्हणाल्या. “मी नव्हती हासली. मी त रडून राहिली होती. अन् तुमी कंडक्टरले पेन मांगून राहिले होते.”