बांधून ठेवलेल्या झोपाळ्याची करकर

मी एक जुना झोपाळा आहे. करकरणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. फैजपूरला भिकनभाऊंच्या घरात ओसरीवर मी टांगलेला असतो. भिकनभाऊ म्हणजे कथाकार. केळीच्या मळ्यातून घरी आले की गोष्टी लिहायचे. आता ते नाहीत आणि त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे.

माझी फळी सातपुड्यातल्या सागाची. भटू मिस्त्रीनं ती रंधा मारून गुळगुळीत केली, पितळी कड्या लावल्या, आणि त्यातली एक कडी तिरकी बसली. उद्या येऊन सरळ करतो म्हणाला. तो कसला येतोय! पण भाऊंना माझी करकर आवडली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

मित्रांनो, आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. सांगणारा एक वाक्य बोलला की आपण 'हं' म्हणायचं. गप्प बसलात, तर त्याला वाटतं हा पेंगला, नाहीतर ह्याला गोष्ट आवडली नाही. भाऊ प्रत्येक गोष्ट आधी माझ्यावर बसून बायकोला, बेबाबाईला, सांगायचे. ती उंबऱ्याशी मेथी निवडत हुंकार द्यायची. तिचा हुंकार ढिला पडला की भाऊ ती ओळ खोडून टाकायचे. मधल्या जागा मी करकरून भरायचो. छापलेल्या पुस्तकांत आम्हा दोघांची नावं नाहीत, ते जाऊ द्या.

भाऊ गेले आणि स्मारक समितीनं माझ्यावर पाटी लावली, 'हात लावू नये'. अहो, झोपाळ्याला हात लावायचा नाही तर टांगलाय कशाला? पण रविवारी ती पाटी निघायची. भाऊंचे दोस्त रतिलाल नाना, निवृत्त शिक्षक, माझ्यावर बसून भाऊंची एखादी गोष्ट सांगायचे. पार यावलहून माणसं यायची. बेबाबाई उंबऱ्याशी बसून पहिला हुंकार द्यायची आणि मग सगळी ओसरी 'हं' म्हणायची. काय सांगू, अंगावर काटा यायचा माझ्या!

मग कोरोनाची टाळेबंदी आली. बेबाबाई नुकतीच सुरतला लेकाकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. दाराला कुलूप लागलं. रस्त्यावरून केळीचा ट्रक जायचा तेवढा आवाज, बाकी सगळं सामसूम. एक पाल माझ्या साखळीवर यायची, तीही काही बोलायची नाही. इतकं एकटं मला भाऊ गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरात रडायला माणसं होती.

समितीच्या डिंपलताई पिंप्राळ्यात राहतात, कॉलेजात शिकवतात. त्यांनी ठरवलं की रविवारचा कार्यक्रम मोबाइलवरून ऑनलाइन करायचा. नानांचं घर मागच्याच गल्लीत आणि किल्ली त्यांच्याकडे. कुलूप निघालं तेव्हा मला वाटलं, आले आपले दिवस! पण ताईंनी बजावलं होतं की गोंधळ नको, ऐकणाऱ्या सगळ्यांनी आपापला आवाज बंद ठेवायचा. आणि झोपाळा फार करकरतो, तो बांधून ठेवायचा. त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं होतं. नानांनी मला सुतळीनं खांबाला बांधलं आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. माझ्यासमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर!

नाना एक वाक्य बोलायचे आणि सवयीनं थांबायचे. मोबाइलमध्ये चौकोनी चौकोनी चेहरे दिसायचे, सगळ्यांची तोंडं मिटलेली. नाना घाईघाईनं पुढचं वाक्य घ्यायचे. रविवारमागून रविवार त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यांनी ताईंना फोनवर सांगितलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, हा रविवार शेवटचा. मी हादरलो. नानाही यायचे थांबले, तर ह्या घराचं दार उघडणार कोण?

त्या रविवारी भाऊंची चुकलेल्या म्हशीची गोष्ट होती. एक बाई म्हैस शोधत रानाच्या कडेला पोचते आणि म्हशीला हाक मारते. तिथे आले आणि नाना थांबले. वाट पाहिली. कुणी 'हं' म्हणेना. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. मग उठले आणि माझी सुतळी सोडली.

"आता तूच दे रे बाबा हुंकार," असं म्हणून ते माझ्यावर बसले.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून करकरलो.

मोबाइलमधून एक थकलेला आवाज आला, "हं." मग जरा दटावून, "थांबले काहून, रतिलालभाऊ? मंग काय झालं?"

बेबाबाई! सुरतच्या खोलीत बसून तिनं माझी करकर ऐकली आणि आवाज बंद ठेवायची ताकीद धाब्यावर बसवली. तिच्यामागून यावलहून कुणीतरी 'हं' म्हटलं, मग आणखी कुणी. पिंप्राळ्याहून डिंपलताईंनीही म्हटलं. नाना पुढे सांगू लागले. तो रविवार शेवटचा ठरला नाही.

आता टाळेबंदी उठली, दार सगळ्यांसाठी उघडलं आहे. बेबाबाई मात्र आली नाही. गुडघे धरलेत, प्रवास झेपत नाही. रविवारी तिच्या उंबऱ्यावर पाट मांडून नाना मोबाइल उभा करतात. गोष्ट संपली की तो बंद होतो, पाटी परत माझ्यावर येते आणि पुढच्या रविवारपर्यंत मी गप्प टांगलेला असतो.

मित्रांनो, माझ्या कडीत तेल घालू नका, एवढं ऐका माझं. तिकडे सुरतला बेबाबाई माझ्या करकरीची वाट बघत असते.