तीस दिवसांच्या बोलीवर

"हलू नका हो जरा!" अहिल्याबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. "काटा थांबतच नाहीये."

"मी कुठे हलतोय? खांबासारखा उभा आहे."

दिगंबरराव गॅरेजमध्ये, बाथरूममधून आणलेल्या वजनकाट्यावर, कोरी करकरीत लाल चेनसॉ, लाकूड कापायची यांत्रिक करवत, छातीशी धरून उभे होते. आधी नुसतं स्वतःचं वजन झालं होतं, मग नारिंगी करवत घेऊन आणि आता ही लाल घेऊन. वजाबाकी केली की दोघींचं खरं वजन निघणार होतं. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आयुष्यभर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला माणूस, छापील आकडा मान्य केला तर झोप कशी लागेल?

काटा एकशे सत्तेचाळीस आणि एकशे पन्नास पौंडांच्या मधे हेलकावत राहिला. अहिल्याबाईंनी तो थोडा वेळ पाहिला, मग करवतीच्या मुठीवरचा नवऱ्याचा उजवा हात पाहिला आणि सरळ होत म्हणाल्या, "एकशे अठ्ठेचाळीस."

"नक्की?"

"नक्की. उतरा आता, चहा गार होतोय."

चहा केलेलाच नव्हता. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी आधण ठेवलं, तेवढ्यात डबे पुसायला घेतले, ते अर्धवट टाकून खिडकीशी गेल्या. महिनाभर त्यांचं हे असंच चाललं होतं. एक काम धड पुरं होत नव्हतं.

खिडकीबाहेर बॅकयार्डात ॲशचं झाड आडवं पडलं होतं. घर घेतलं तेव्हा मनगटाएवढं होतं ते. आदल्या वर्षी इलिनॉयमध्ये हिरवा किडा आला आणि वसंतात झाडाला पानंच फुटली नाहीत. पाडायला आलेल्या माणसांनी खोडाचे पुरुषभर लांबीचे तुकडे केले आणि विचारलं, पुढचे ओंडके करून देऊ का? किड्यामुळे ते लाकूड दूर न्यायला बंदी होती, ते इथेच जाळायचं होतं. दिगंबरराव म्हणाले होते, "नको. ते माझं मी करेन."

ते काम त्यांचंच होतं. एकोणऐंशीच्या जानेवारीत शिकागोला बर्फाने गाडलं, त्यांच्या गल्लीतली वीज तीन दिवस गेली, तेव्हा फायरप्लेससमोर गादी टाकून अहिल्याबाईंनी दोन वर्षांच्या लेकाला, परीक्षितला, झोपवलं होतं आणि निखाऱ्यांवर पातेलं ठेवून मुगाची खिचडी केली होती. धुराचा वास लागलेली तशी खिचडी त्यांना पुन्हा कधी जमली नाही. लाकडं संपली तेव्हा दिगंबरराव कानटोपी घालून मागे गेले आणि फॅक्टरीतल्या पोलिश फोरमनकडून घेतलेली जुनी करवत त्यांनी एका झटक्यात चालू केली. दोरी ओढली की घर्रर्र! कारकुंडा म्हणून कॉलेजात हिणवलेला तो बारीक माणूस त्या दिवशी त्यांना केवढा थोरला वाटला होता. त्यानंतर दर ऑक्टोबरात तो आवाज व्हायचा. ती जुनी करवत या उन्हाळ्यात कायमची बंद पडली.

आणि मग त्यांनी दोन नव्या आणल्या. तिथेच अहिल्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. आपल्या लोकांना इथे आल्यावर एक सवय लागते: वस्तू घरी न्यायची, वापरायची आणि तीस दिवसांच्या आत पावती दाखवून परत करायची. कोणी मॅचेस संपल्यावर टीव्ही परत केला, कोणी लेकीच्या लग्नानंतर सूटकेसा. दिगंबररावांना या प्रकाराची शिसारी होती. "भिकारडी सवय" म्हणत. आणि याच माणसाने एका दिवशी दोन दुकानांतून दोन करवती आणल्या. "दोन्ही घरी बघू, एक ठेवू," म्हणाले. आज अठ्ठाविसावा दिवस होता.

दुपारी जवळच्या शॉमबर्गहून राजाराम आले. त्यांची आणि दिगंबररावांची मैत्री पस्तीस वर्षांची. गॅरेजमधली दोन खोकी पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अजून इथंच? काय करून राहिला बे तू? वहिनीला बघायला गेला तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणून आला होतास!"

"तेव्हा दुसरी दाखवली नव्हती," दिगंबरराव म्हणाले.

"मला दुसरा दाखवला असता तर मीही विचार केला असता," अहिल्याबाई चहा देत म्हणाल्या. राजाराम खो खो हसले.

दिगंबररावांनी आलेखाचा कागद पुढे केला. "बघ. ही पंचेचाळीस सीसी, ती सेहेचाळीस. हिचं पातं सोळा इंच, तिचं अठरा. ही हलकी, पण तिची टाकी मोठी. हिची साखळी बाजूने आवळता येते, तिला आत हात घालावा लागतो."

"म्हणजे उन्नीस-बीस. चालू करून बघ ना यार!"

"पेट्रोल घातलं की परत घेत नाहीत. दोन्ही दुकानांचा नियम आहे."

"मग चालू न करता काय बघून राहिला महिनाभर? रंग?"

दिगंबररावांनी आलेखाचा कागद मागे घेतला. त्यांनी चहाचा कप उचलला नव्हता. राजाराम जाईपर्यंत तो तसाच राहिला, वर साय धरली.

सोमवारी सकाळी अहिल्याबाईंनीच विषय काढला. "आज शेवटचा दिवस. कुठली परत करायची ते सांगा, मी जाऊन येते."

ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही?"

"दोन्हींत काही ना काही कमी आहे. लाकडाचं बघू कोणालातरी सांगून."

आवाज अगदी साधा होता. भाजी नको म्हणावं तसा. अहिल्याबाईंना वाटलं, यांनी भांडावं, ओरडावं, काहीतरी फोडावं. त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि पावत्या शोधू लागल्या. पावत्या आलेखाच्या कागदाला टाचलेल्या होत्या. ओळीने सगळं लिहिलेलं होतं: वजन, पातं, टाकी, साखळी. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, थरथरत खाली घसरत गेलेलं. अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'दोरी ओढायला'. त्यापुढचे दोन्ही चौकोन रिकामे होते.

त्यांनी पावत्या सोडवून घेतल्या. महिनाभर हा माणूस करवत निवडत नव्हता. निवडली असती तर याच थरथरत्या हाताने चालू करावी लागली असती.

लाल करवत रूट एकोणसाठवरच्या मोठ्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं, अहिल्याबाईंनी "नको" एवढंच सांगितलं. नारिंगीचं दुकान लहान, बाप-लेकीने चालवलेलं. लेक पन्नाशीची होती, हाताला ग्रीस लागलेलं. तिने खोकं उघडून पाहिलं.

"काही बिघाड आहे का?"

"नाही."

"मग?"

अहिल्याबाईंनी पावती पुढे सरकवली आणि पुन्हा मागे ओढली. "ही चालू करायला जोर किती लागतो?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, मला."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्रेसष्ट वर्षांच्या, पंजाबी ड्रेसवर कोट घातलेल्या. ती हसली नाही. "दाखवते. पण त्यासाठी पेट्रोल घालावं लागेल. मग परत घेता येणार नाही."

"घाला," अहिल्याबाई म्हणाल्या.

दुकानामागच्या अंगणात बाईने शिकवलं: करवत जमिनीवर, मागच्या मुठीत बूट रोवायचा, डाव्या हाताने वरची मूठ दाबायची, उजव्याने दोरी. पहिल्यांदा नुसतीच खरखर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. खांद्यातून कळ गेली. पाचव्यांदा करवत गर्जली आणि अहिल्याबाई दचकून मागे सरणार होत्या, पण बूट मुठीत होता, म्हणून जागच्या जागी राहिल्या. मग त्या बाईने अर्धा तास त्यांच्याकडून जुने ओंडके कापून घेतले, दोनदा ओरडली आणि घरी जाताना चष्मा, कानावरचं झाकण आणि पायांवर बांधायचं जाड कापड बरोबर दिलं.

घरी आल्यावर त्या आत गेल्याच नाहीत. परस्पर मागे गेल्या. तिसऱ्या ओढीला आवाज झाला. खोडात पातं जेमतेम चार बोटं उतरलं असेल, मागचं दार उघडलं.

दिगंबरराव पायरीवर आले. पायांत सपाता, अंगात घरातला स्वेटर. अहिल्याबाईंनी करवत थांबवली. एकदम फार शांत झालं.

"परत करायची होती ना?"

"पेट्रोल घातलंय."

ते बघत राहिले, आधी करवतीकडे, मग बायकोकडे. तेवढ्या चार पायऱ्या उतरायला त्यांना किती वेळ लागला! जवळ येऊन त्यांनी हात पुढे केला, आणि क्षणभर अहिल्याबाईंना वाटलं, करवत मागताहेत. दिली असती त्यांनी. पण दिगंबररावांनी त्यांचा दंड धरून त्यांना अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं.

"पात्याच्या रेषेत उभी राहू नकोस. उसळली तर तोंडावर येईल." मग वाकून साखळीकडे पाहिलं. "आणि टोकाने कापू नकोस. मुळाशी धर. तिच्या वजनाने ती उतरते, आपण जोर करायचा नसतो."

"बरं."

"हं. कर आता."

त्यांनी पुन्हा दोरी ओढली. या वेळी पातं खाली खाली गेलं, पिवळसर भुसा त्यांच्या बुटांवर पडला आणि पहिला ओंडका सुटून गवतावर घरंगळला. एक बाजू जाड, एक बारीक.

दिगंबररावांनी तो पायाने थांबवला, उलटा करून पाहिला.

"वाकडा आलाय."

"जळेल ना?"

"जळायला काय, जळेल." त्यांनी तो तिरका ओंडका पायानेच ढकलत जरा लांब नेला, भुशापासून दूर, जिथून त्यांना पातं नीट दिसेल अशा जागी. तो डुगडुगायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग दोन्ही हात मांड्यांवर उघडे ठेवून ते त्याच्यावर बसले.