दर सोमवारची चिठ्ठी

मैत्री केंद्रात मी नऊ वर्षं चिठ्ठ्यांची भाषांतरं करतोय आणि पहिला महिना सोडला तर एकही चिठ्ठी जशीच्या तशी वर पाठवलेली नाही. नाकं मुरडू नका. माझ्या खुर्चीत बसला असतात तर तुम्हीही हेच केलं असतं.

केंद्र एका बड्या देशाच्या दूतावासाचं. मुसलमान देशांत आपलं नाव फार खराब झालंय, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, म्हणून त्यांनी हे उघडलं. गारेगार वाचनालय, भाषेचे फुकट वर्ग, भिंतींवर त्यांच्याकडच्या मशिदींचे मोठाले फोटो. दाराशी काचेची पेटी, वर लिहिलेलं: 'मनातलं सांगा.' आमच्या लोकांनी सांगितलं की! त्या पहिल्या महिन्यात मी तीन शिव्या इमानदारीत भाषांतरित केल्या, तर वाचनालय पंधरा दिवस बंद आणि दोन पहारेकरी कायमचे घरी. तेव्हापासून शिवी आली की मी 'सूचना' लिहितो.

मग माझा धाकटा भाऊ त्याच देशात शिकायला गेला आणि विमानतळावरच त्याला उचललं. चौदा महिने झाले. का, कुठे, काही पत्ता नाही. केंद्राचा नियम असा की कर्मचाऱ्याच्या नात्यातलं कोणी संशयित निघालं की त्याच दिवशी त्याचा पास जमा. घरात कमावणारा मी एकटा. मूग गिळून बसलो.

अम्मी थोडीच बसणार! "तू त्यांच्यात ऊठबस करतोस, विचारत का नाहीस?" म्हणून रोज डोकं खायची. एकदा वैतागून मी थाप मारली, "अर्ज पेटीतूनच यावा लागतो. आणि तिथे मला ओळख दाखवू नकोस, नातेवाइकांचे अर्ज बाजूला टाकतात." झालं. तेव्हापासून दर सोमवारी ती दोन बस बदलून येते, पेटीत चिठ्ठी टाकते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. चिठ्ठीत एकच ओळ असते: माझा मुलगा कुठे आहे? मी भाषांतर करतो: आजींना वाचनालय फार आवडलं.

गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुख मॅडमनी मला बोलावलं. बाई मनाने चांगल्या, तोच तर वांधा आहे. "पन्नास चिठ्ठ्या!" त्या म्हणाल्या. "एक म्हातारी इतक्या प्रेमाने लिहिते! आमच्या लोकांना हे दिसलं पाहिजे. तिच्यावर फिल्म करू. भाषांतराला तूच बस."

"हो, मॅडम," मी म्हणालो.

पहारेकऱ्याने सोमवारी अम्मीला निरोप दिला. घरी आलो तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. "पोचली रे चिठ्ठी! बोलावलंय मला!" धाकट्याचे दोन सदरे धुऊन तिने इस्त्री केले. खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा नुसतं पाणी प्यायलो. भेकड आहे मी, दुसरं काय!

आज सकाळी वाचनालयात दिवे लावले, कॅमेरा लावला. मॅडमनी हसून विचारलं, "आमच्या देशाला काय सांगाल?"

अम्मी हात जोडून म्हणाली, "बाई, तुमच्याही पोटी लेकरं असतील. माझं एक तुमच्याकडे आहे. ते पाठवा. पाठवता येत नसेल, तर जिवंत आहे एवढं तरी सांगा."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगावं, तर पन्नास चिठ्ठ्या फाइलीत जपून ठेवलेल्या आहेत. खोटी भाषांतरं करणारा, वर संशयिताचा सख्खा भाऊ! मलाही उचलतील. अम्मीचा दुसराही जाईल.

"त्या म्हणतात," मी म्हणालो, "तुम्ही सगळे मला लेकरांसारखे आहात."

मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उठून त्यांनी अम्मीला मिठी मारली. चौदा महिन्यांत न रडलेली अम्मी त्यांना बिलगून हमसून हमसून रडली. मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पाठवतो म्हणाल्या ना?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणतायत त्या?" मॅडमनी विचारलं.

"आभार मानतायत."

अम्मीने पदराने डोळे पुसले. "कधी पाठवतायत, विचार ना," ती म्हणाली.