गळ्यात पडून रडणं

कापूस सालोसाल फसत गेला, तसं पूनमसिंगनं तांडा सोडला अन् बायको-पोरीला घेऊन यवतमाळात बिऱ्हाड केलं. आई रुपीबाईलाही आणलं. घरात मराठीच बोलायची, हा त्याचा हुकूम. पोरीचं भलं व्हावं म्हणून म्हणे! इकडे नातीशी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, दोन शब्द बोलावेत म्हणून म्हातारीचा जीव तळमळे. निकिताला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. कुंदाबाई वर्गाला निरनिराळे समाज शिकवत होत्या. बंजाऱ्यांचं सांगायला निकिताच्या आजीनं यावं. रुपीबाईनं पेटीतून आरशांचा घागरा काढला. वाटेत निकिता म्हणाली, "आजी, तिथं आपल्या भाषेत नको बोलू हं. पोरं हसतात." म्हातारी बाकीचं विसरली, 'आपल्या' एवढंच धरून बसली. वेडी आशा, दुसरं काय!

वर्गात तिनं सांगितलं, तांड्याचा नायक कसा असतो, भांडणं त्याच्यासमोर कशी मिटतात. मग म्हणाली, "आमच्यात बाया लय दिवसांनी भेटल्या का गळ्यात पडून रडतात. गाण्यावानी रडता रडताच सारं सांगतात."

"करून दाखवा ना!" पोरं ओरडली.

"एकटीनं कसं होईन बाप्पा? दुसरी पाह्यजे."

तिनं निकिताकडे पाहिलं. निकिता दप्तरात काहीतरी शोधू लागली. शेवटी कुंदाबाईच उठल्या. "मी येते, आजी."

रुपीबाईनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, सूर लावला. नुसतं दाखवायचं होतं, पण आतलं सगळंच बाहेर आलं. गोरबोलीत ती रडत राहिली: छोरी, माझ्या कुशीत झोपतेस, तरी मला भेटत नाहीस. मी मेल्यावर कोणत्या बोलीत रडशील गं माझ्यासाठी?

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात निकितानं.

घरी जाताना ती आजीचा हात धरून उड्या मारत होती. "मस्त रडली तू, आजी! काय म्हणत होती?"

"कायी नाही वं. गाणं होतं."

"मले शिकव ना. गॅदरिंगमध्ये म्हणतो."

रुपीबाई जागीच थांबली. मग तिनं शेवटची ओळच आधी सांगितली, मरणाची. निकितानं ती हसत हसत म्हटली. एक शब्द चुकला.

"पुन्हा म्हण," म्हातारी म्हणाली, अन् भर रस्त्यात तिनं नातीला पोटाशी धरलं.