आर्नथ्रूदुरचा निळा एप्रन

"आईनं तुला काही सांगितलं का?" एविंदुरने दुसरा बूट काढायच्या आधीच विचारले.

सोलरून तान्हीला खांद्यावर घेऊन थोपटत होती. "बाबा, आईला जाऊन दोन वर्षं झाली."

"तेच म्हणतो मी. स्वप्नात."

"नाही आली."

"झोपतेस तरी का तू?"

"सात आठवड्यांची पोर आहे घरात. तूच सांग."

एविंदुरने काढलेला एक बूट पुन्हा घातला आणि तो निघून गेला. त्या आठवड्यातली ही चौथी खेप.

आइसलँडच्या पश्चिम टोकाला आमच्या खाडीवर रीत अशी, की बारसे होईपर्यंत मुलाला नाव नसते. असले तरी आईबाप ते कुणाला कळू देत नाहीत. मात्र गेलेल्या माणसाला आपले नाव पुढे चालावेसे वाटले, तर ते कुणाच्या तरी स्वप्नात येऊन मागून जाते. मागितलेले नाव नाकारायला कुणी धजत नाही. राजधानीत शिकून आलेली मंडळी यावर हसतात, आणि हसून झाल्यावर तेच नाव ठेवतात.

पंचाईत अशी, की स्वप्न विहिणीला, सोलरूनच्या सासूला, पडले होते. आउस्दिसबाईंची आई लिल्या त्यांच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली, ही बातमी त्यांनी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात बसून सांगितली, म्हणजे गावभर झाली. लिल्या हे नाव कसे, नाजूक, आजच्या मुलींचे. एविंदुरच्या बायकोचे नाव आर्नथ्रूदुर. ते उचलायला दोन माणसे लागतील. तिने मागितल्याशिवाय ते कुणी ठेवणार नाही, आणि मग ते नाव फक्त थडग्याच्या दगडावर उरेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. बारसे रविवारी होते.

एविंदुरने बंदरावरच्या काट्यावर अडतीस वर्षे मासळी तोलली, बर्फाचे वजन वजा करून. बायकोचा सख्खा भाऊ बोट घेऊन आला तरी काटा त्याच्या बाजूला झुकला नाही. तो भाऊ पुढे नऊ वर्षे जेवायला आला नाही. अशा माणसाला थाप मारणे जड जाते. म्हणून खरेच स्वप्न पडावे याची त्याने तजवीज केली. जड जेवणाने स्वप्ने पडतात म्हणून जेवणात आंबवलेला शार्क, वर चीज, आणि भरदुपारी बायकोच्या उशीवर डोके. पाच दुपारींत तीनदा कॉड मासे आले. एकदा बंदरावरचा जुना साहेब आला. पण त्याला नाव नको होते, हातमोजे हवे होते.

शुक्रवारी तो विहिणीकडे गेला.

"विहीणबाई, खरं सांगा. आल्या होत्या का लिल्याबाई?"

आउस्दिसबाईंनी कॉफी ओतली. "जिवंत होती तेव्हा सणालासुद्धा आली नाही माझ्याकडे. म्हणायची, तुझी कॉफी पांचट. आता कशाला येते?"

"मग?"

"मग काय. तुम्हाला पडायच्या आत मला पडलं. तुम्हीही घ्या की पाडून. इथे कोण काटा लावतंय?"

एविंदुरने एक घोट घेतला. कॉफी पांचटच होती.

शनिवारी सकाळी तो पुन्हा लेकीच्या दारात.

"आली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"तुझी आई. दाराशी उभी राहून नाव मागत होती."

"काय घातलं होतं तिनं?"

एवढी तयारी त्याने केली नव्हती. "एप्रन," तो म्हणाला. मग आणखी काही म्हणायला हवे असे वाटून, "निळा."

सोलरूनने त्याच्याकडे पाहिले. आईचा एप्रन एकच, तपकिरी. तो अजून त्याच्या स्वयंपाकघराच्या दारामागे लटकत होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

"निळा," ती म्हणाली.

"म्हणजे, निळसर."

"बरं."

तिथून तो बंदरापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. काट्यावरच्या नव्या माणसाने विचारले, काही हरवलंय का. नाही म्हणाला.

रविवारी सोलरूनच्याच बैठकीच्या खोलीत बारसे झाले. बाप्तिस्म्याचे पाणी केक कालवायच्या काचेच्या भांड्यात, पॅनकेकच्या गुंडाळ्या खिडकीत. पाद्र्याने विचारले, "मुलीचं नाव?"

"आर्नथ्रूदुर," सोलरून म्हणाली.

कुणीतरी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"मागितलं का कुणी?" आउस्दिसबाईंनी विचारले.

"आईनं. काल दुपारी जरा डोळा लागला तेव्हा." सोलरून पोरीची ओली टाळू पुसत होती; बापाकडे तिने पाहिले नाही. "दाराशी उभी होती. निळा एप्रन घालून."

आउस्दिसबाईंनी थोडा विचार केला. "निळा शोभायचाच तिला," त्या म्हणाल्या, आणि पॅनकेक घेतला.

मग पोर आजोबाच्या हातात आली. त्याने तिला जरा वर उचलले, खाली घेतले.

"पाच किलो शंभर," तो म्हणाला.

"दवाखान्यात चार नऊशे भरली परवा," सोलरून म्हणाली.

"मी नाव धरून सांगतोय."

संध्याकाळी घरी आल्यावर एविंदुर स्वयंपाकघराच्या दारामागे गेला. एप्रनच्या खिशात अजून एक कपड्याचा चिमटा होता. तो त्याने तसाच राहू दिला.

"कुणी विचारलं तर निळा म्हणायचं," त्याने एप्रनला सांगितले.

मग दार लोटले. एप्रन थोडा हलला आणि स्थिर झाला, काटा होतो तसा.