मीठ पोचतं का

मी माडावर होतो तेव्हा हेडमास्तर इओआने खाली येऊन उभे राहिले.

नीरा काढायला चढलेल्या माणसाने वर मोठ्याने गात राहायचं असतं, म्हणजे खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळतं की वर कोणी आहे. मी गात होतो. इओआनेंनी हाक मारली नाही. टोपी हातात धरून गाणं संपेपर्यंत थांबले. एरवी ते कशासाठीही थांबणारे नव्हेत.

"खाली ये, इताका," ते म्हणाले. "सावकाश उतर. घाई नाही."

घाई नाही म्हटल्यावर मला कळलं.

"तीनाई गेली. पहाटे. ऑफिसात आत्ता इस्पितळातून फोन आला."

"तिच्या पायाला लागलं होतं," मी म्हणालो. "नुसतं पायाला."

"रक्तात गेलं रे ते. साखर होती ना तिला."

नीरेने भरलेली करवंटी मी त्यांच्या हातात दिली आणि खाली बसलो. ते कितीतरी वेळ ती धरून उभे होते, सांडू न देता.

तीनाई माझी बायको. आमच्या बेटावरच्या शाळेत ती वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायची. कुठला पदार्थ पाण्यात विरघळतो, कुठला नुसता तळाशी बसतो, कुठला तरंगतो, आणि का. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. प्लास्टिकची स्ट्रॉ घ्यायची, एका टोकाला चघळलेल्या च्युइंगमचा गोळा लावायचा, आत चिमूटभर वाळू घालायची आणि पाण्यात उभी सोडायची. खारं पाणी जड, त्यात स्ट्रॉ वर येते. गोड्यात खोल बसते. आमच्या बेटाखाली सगळा समुद्रच आहे. पावसाचं पाणी हलकं, म्हणून ते वाळूच्या आत त्या समुद्रावर पातळ थरासारखं तरंगतं, आणि आमच्या विहिरी म्हणजे त्या थराला पाडलेली भोकं. तिचा आठवीचा वर्ग स्ट्रॉ घेऊन घरोघरच्या विहिरी मोजत फिरला होता. सगळ्यांत गोडं पाणी आमचं निघालं. ती घरी येऊन म्हणाली, "तू खणलेली विहीर पहिली आली. आता शेफारू नकोस."

पुढचा धडा होता विरघळलेली वस्तू पाण्याबरोबर कुठवर जाते याचा. डुकरांचा गोठा, संडास, थडगी. आमच्याकडे माणसाला घराशेजारीच पुरतात. त्या धड्याला ती वर्गात म्हणाली होती, "मला मात्र विहिरीपासून लांब पुरा रे पोरांनो. नाहीतर मी तुमच्या चहात येईन." पोरं खूप हसली म्हणे. मलाही तिने ते घरी सांगितलं, आणि आम्हीही हसलो होतो.

मोठ्या बेटावरच्या इस्पितळातून तिची पेटी विमानाने आली. रात्रभर तिला सभागृहात ठेवली, सगळं गाव चटयांवर बसून होतं. सकाळी जाणती माणसं बसलेली असताना तिचा थोरला भाऊ बौरो उठला. बौरो मासेमारी करतो, आवाज मोठा, बोलताना नेहमी समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. त्या दिवशी ठेवला नाही.

"इताका," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तुझ्याकडे बुबुती करतो. माझ्या बहिणीला आईशेजारी ठेव."

नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून मागितलं की द्यायचं. होडी मागितली तर होडी, अंगातला शर्ट मागितला तर शर्ट. नाही म्हणणाऱ्याला पुढे कोणी काही मागत नाही, आणि ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही तो आमच्यात मेल्यासारखाच.

माझ्या सासूचं थडगं आमच्या अंगणात आहे. जमीन तीनाईच्या माहेरची. ते थडगं जुनं. विहीर मी पुष्कळ नंतर खणली, जरा दूर. पण सासूच्या शेजारी मोकळी जागा होती ती विहिरीच्या बाजूला.

"दादा, तिथं विहीर आहे," मी म्हणालो.

"विहीर मला दिसते," बौरो म्हणाला. "मी आंधळा नाही. मी आईशेजारी म्हणतोय."

म्हातारे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिला पुरलं, वर पांढरे प्रवाळाचे खडे पसरले. दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं बाटल्या घेऊन आली.

त्या वर्षी पाऊस नव्हता. शाळेची टाकी कोरडी होती, आणि सगळ्यांत गोडं पाणी आमचं हे तीनाईनेच सगळ्या गावाला दाखवून दिलेलं. त्यामुळे मधल्या सुट्टीत अर्धी शाळा आमच्या विहिरीवर. मी ओट्यावर बसून बघत होतो. एक पोरगी बादलीला तोंड लावून पीत होती. मला बसवेना.

घरात मी पाणी उकळून प्यायचो. पोरांना कोण उकळून देणार? आणि सांगणार काय? इथलं पिऊ नका, बाईंमुळे पाणी खराब झालंय? मेलेल्या माणसाबद्दल असं बोललेलं आमच्याकडे कोणी विसरत नाही. म्हणून मी बादली लपवली आणि फुटली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरं स्वतःची बादली घेऊन आली, वर मला म्हणाली, "काका, ही तुम्हालाच ठेवा. तुमची फुटली ना."

त्यानंतर एका पोराला जुलाब झाले म्हणून कळलं आणि मी धावत त्याच्या घरी गेलो. त्याची आई हसायला लागली. "कच्चे पेरू खाल्लेत मेल्यानं. तुम्ही कशाला एवढं घाबरलात?"

घरी आलो तर विहिरीच्या कठड्यावर अकेनेती बसली होती. आठवीतली, बारीक, सतत नाक ओढणारी. तीनाई तिच्याबद्दल नेहमी म्हणायची, ही पोरगी मला झोपू देत नाही.

"काका," ती म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या लांब पुरा."

"हो."

"मग?"

"मग काय? मोठ्या माणसांचं असतं काहीतरी."

"आमच्या वर्गातलं कोणी घरी काही बोललं नाहीये. पण पुष्कळ जण आता इथलं पीत नाहीत. बाटली भरतात आणि वाटेत ओततात. मीपण." तिने नाक ओढलं. "लहान वर्गातली पितात. त्यांना माहीत नाही."

मी तिच्या शेजारी बसलो. "स्ट्रॉ टाकून बघू या का?"

"स्ट्रॉला काय कळणार? तिला फक्त जड-हलकं कळतं. घाण कळत नाही. बाई म्हणायच्या, ज्याला जे कळतं तेवढंच त्याला विचारा." मग जरा थांबून म्हणाली, "पण मिठाचं विचारता येईल."

तिने सांगितलं ते असं. समुद्राचं पाणी आणून थडग्याच्या पायथ्याशी वाळूत ओतायचं. ते विहिरीपर्यंत पोचलं तर विहिरीतली स्ट्रॉ वर येईल. मीठ तिथून इथवर येत असेल, तर बाकीचंही येईल.

"कपड्यांची नीळ ओतली तर?" मी विचारलं. मला थडग्यावर खारं पाणी नको होतं.

"वर्गात केलं होतं. परातीत वाळू भरून. नीळ वाळूलाच धरून बसते काका. मीठ विरघळतं, ते पाणी जाईल तिकडे जातं."

मी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, भीतीच. पोचलं तर काय करायचं याची भीती, आणि नाही पोचलं तरी मला खरं वाटणार नाही याची. शेवटी पोरांना या म्हणालो.

आठवीचा सगळा वर्ग आला. आधी त्यांनी विहिरीचं पाणी मोजलं, तीनदा, वेगवेगळ्या पोरांनी, स्ट्रॉवर नखाने खूण करून. मग समुद्रावरून बादल्या आणायला लागले. कोणी हसत नव्हतं. ओतण्याआधी एक मुलगी खड्यांकडे बघून म्हणाली, "बाई, प्रयोग आहे हं." मग सगळे ओतायला लागले.

बौरो कधी आला ते मला कळलं नाही. हातात माशांची दोरी होती. बहुतेक मला देण्यासाठीच आणलेली.

"काय चाललंय हे?"

पोरं जागच्या जागी थांबली.

"माझ्या बहिणीच्या अंगावर मीठ ओतताय? मासा आहे ती? खारवायला घेतलीय?"

"दादा, पाणी बघतोय फक्त," मी म्हणालो. "पोरं पितात इथलं."

"आई तिथं झोपलीय इतकी वर्षं. तू स्वतः प्यायलास ना ते पाणी? मेलास?"

"आई लांब आहे. आणि जुनी आहे."

"म्हणजे माझी बहीण घाण आहे."

"असं कोणी म्हटलं नाही."

"मग ही शाळा कशाला भरवलीयस इथं?"

अकेनेती मध्येच बोलली. तिला गप्प बसता येत नाही. "मामा, बाईंनीच शिकवलंय असं बघायला. त्या असत्या तर त्यांनीच ओतलं असतं."

बौरोने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हात उचलतो. पण तो कठड्यावर बसला आणि माशांची दोरी त्याने पायाशी ठेवली. "लहानपणी पण अशीच होती ती," तो म्हणाला. "माझी नवी गळाची दोरी विस्तवात धरली होती. जळते का वितळते ते बघायला."

"मग?" एका पोराने विचारलं.

"वितळली. आणि मी तिला मारली."

त्या दिवशी बाकी राहिलेल्या बादल्या पोरांनी ओतल्या नाहीत. ओतलं होतं तेवढ्यावरच बघायचं ठरलं. पुढचे काही दिवस ती रोज येऊन मोजत होती. पहिल्यांदा स्ट्रॉ खुणेवरच होती. मग एका सकाळी मला ती वर आलेली दिसली. अगदी थोडी, केसभर.

"वर आलीय," मी म्हणालो.

अकेनेती पाण्याजवळ डोळा नेऊन बघत राहिली. तिने दुसरी स्ट्रॉ टाकली, मग तिसरी.

"आलीय," ती म्हणाली. "पण सांगता येत नाही काका."

"का? दिसतंय की."

"पौर्णिमेची भरती होती. मोठ्या भरतीला खालून खारं पाणी असंही चढतं. आपल्या मिठामुळे वर आली का भरतीमुळे, कसं कळणार? आणि पाणी कमीच ओतलं आपण. परत करायला हवं. लहान भरतीला. या वेळी सगळं ओतायचं."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते बाई कधी विचारायच्या नाहीत." तिचे डोळे भरले. तीनाई गेल्यापासून ती पोरगी माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

त्याच संध्याकाळी बौरो आला. अंगणात न येता बाहेरच उभा राहिला, पाहुण्यासारखा. मी त्याला स्ट्रॉचं सगळं सांगितलं. भरतीचंही सांगितलं, लपवलं नाही.

"म्हणजे पुरावा नाही," तो म्हणाला.

"नाही. परत करावं लागेल."

"इताका, मी तुझ्याकडे बुबुती करतो. परत माझ्या बहिणीवर मीठ ओतू नकोस."

त्याचा आवाज मोठा नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो माणूस इतका थकलेला दिसला की बुबुती नसती तरी मला नाही म्हणता आलं नसतं. मी हो म्हणालो. मग मला जे सुचलं ते मी तिथेच बोललो, कारण थांबलो असतो तर बोलू शकलो नसतो.

"दादा, आता मी तुझ्याकडे बुबुती करतो. तुझी विहीर शाळेला दे. पाऊस येईपर्यंत."

बौरोची विहीर त्याच्या अळूच्या खड्ड्याशेजारी आहे. आमच्याकडे ओल लागेपर्यंत खणून त्या खड्ड्यात कंदांसाठी अळू लावतात, आणि अळूच्या खड्ड्यापाशी परक्याला कोणी येऊ देत नाही. कंद कसे पोसतात, खत काय घालतात, ते ज्याच्या त्याच्या घरातलं गुपित असतं. त्याच्या बापाने स्वतःच्या सख्ख्या भावालाही तिथे पाऊल टाकू दिलं नव्हतं. तीनाईचा वर्ग घरोघर फिरला तेव्हा फक्त ती विहीर मोजायची राहिली होती. सख्ख्या बहिणीला त्याने टाळत टाळत परत पाठवलं होतं, आणि तिनेही बुबुती केली नव्हती.

"अख्खी शाळा?" तो म्हणाला.

"अख्खी."

"ती नाक ओढणारी पण?"

"ती तर पहिली येईल."

"माझं अळू बघेल ती. मोजेल मेली."

"मोजेल."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "बायको माझी मला घराबाहेर काढणार आहे." म्हणजे हो.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिकडे जायला लागली. लांब पडतं, त्यांची कुरकुर असते, आणि तिथलं पाणी आमच्याइतकं गोडं नाही. बौरोची बायको पहिले दोन दिवस ओरडत होती. आता तीच त्यांना बादली ओढून देते, म्हणजे कोणी खड्ड्याकडे वळायला नको. विहीर का बदलली ते गावात कोणी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आमच्या विहिरीवर मी फळी टाकली आहे. अकेनेती अधूनमधून येते, फळी सरकवते, स्ट्रॉ टाकते, काही न बोलता जाते. कधी वर असते, कधी नसते. त्यातून काही ठरत नाही हे तिलाही माहीत आहे. बौरो रविवारी प्रार्थनेनंतर येतो, खडे नीट करतो, मासे ठेवून जातो. विहिरीकडे बघत नाही.

विहीर बुजवायची की ठेवायची हे मला ठरवता आलेलं नाही. दुसऱ्यांदा मीठ ओतून मोजल्याशिवाय ते ठरणार नाही, आणि दुसऱ्यांदा मोजायचं तसंच राहिलं आहे.