कोंडाबाईनं दाबलेली छाती

“वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाही” हे माझ्या विजेवरच्या लेखातलं वाक्य आमचे संपादक रणधीर सर खोडायला निघाले होते.

“मंजुषा, हे वाचून कुणी हात लावला आणि काही झालं तर?”

मी डॉक्टरांना फोन लावला आणि तो सरांच्याच हातात दिला. वाक्य राहिलं. धाराशिवच्या आमच्या दैनिकात आरोग्य आणि हवामानाचं पान मी एकटी बघते. ऑफिसात त्याला ‘शाळेचा तास’ म्हणतात.

दहा दिवसांनी माकणीहून फोन आला. “विजंचा लेख तुमीच लिवला का?” आवाज कापत होता.

“व्हय,” म्हटलं.

“मग या एकदा. माझा भाऊ वाचलाय.”

फोन करणारा धनाजी. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. तो शेताच्या बांधावरच भेटला. सोयाबीनची काढणी चालू होती. त्या दिवशी आभाळ आलं म्हणून त्याचा भाऊ भागवत गंजीवर ताडपत्री टाकायला धावला, आणि वीज कोसळली. भागवत जागीच पडला. श्वास बंद.

“सगळे वरडले, शिवू नका, करंट हाय! म्या सख्खा भाऊ, पर म्याबी इथंच उभा राह्यलो,” धनाजी मान खाली घालून म्हणाला.

पुढं गेली ती मजुरीला आलेली कोंडाबाई. जेवणाच्या सुट्टीत तिची सून करिश्मा पेपर मोठ्यानं वाचते, त्यात तिनं माझा लेख ऐकला होता: अंगात करंट राहत नाही, श्वास थांबला तर छाती दाबायची. भागवतच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून ती दाबत राहिली. ती दमली की करिश्मा दाबायची. शेवटी भागवतनं श्वास घेतला. मग गाडी आली. आता तो दवाखान्यात उठून बसला होता.

कोंडाबाई विळा बाजूला ठेवून माझ्यापुढं आली. साठीची, काटक बाई.

“पोरी, तुझ्यावर राग हाय माझा. किती जोरानं दाबायचं ते लिवलंच न्हाय तू. दुखंल म्हणून म्या आधी हळूच दाबलं. मग म्हटलं, श्वासच न्हाय त्याला काय दुखायचं? आन् लावला जोर.”

मी वही काढली. तिनं सांगितलं, मी लिहिलं. परत येऊन डॉक्टरांना विचारलं, तर बाईचं बरोबर होतं. मोठ्या माणसाची छाती दोन इंच तरी खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभराच्या वर वेळा.

रविवारी दुसरा लेख आला, कोंडाबाईच्या फोटोसकट. पहिल्या लेखात काय राहिलं होतं, तेही त्यात कबूल केलं. रणधीर सरांनी एक शब्दही न कापता तो पहिल्या पानावर घेतला.

पुढच्या महिन्यात गावच्या आरोग्य केंद्रानं तिला बोलावलं. भुशानं भरलेल्या पोत्यावर ती चाळीस बायांना दाबायला शिकवत होती. “हात वाकवू नगंस गं! जोर लाव!” करिश्मा मोठ्यानं आकडे मोजत होती. मी मागं उभी राहून बघत होते. फोटो काढायचा होता, पण डोळे भरून आले होते, म्हणून जरा थांबले.